शिकागोचे शेड मत्स्यालय : तीन पिढ्यांची सहल आखताना

शिकागो म्हटले, की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते स्वामी विवेकानंद आणि १८९३ ची सर्वधर्म परिषद. गेल्या काही दशकांत या आठवणीला आणखी एका नात्याची जोड मिळाली आहे. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई नोकरीनिमित्त शिकागोच्या परिसरात स्थायिक झालेले असतात आणि शाळेला सुटी लागली, की पुण्या-मुंबईचे आजी-आजोबा दोन-तीन महिन्यांसाठी तेथे मुक्कामाला जातात. मग नातवंडांना घेऊन शहर पाहण्याचा बेत ठरतो. त्यात मिशिगन सरोवराच्या काठावरील शेड मत्स्यालयाचे नाव हमखास पुढे येते.

बेत चुकतो तो येथेच. शेड मत्स्यालय, फील्ड निसर्ग-इतिहास संग्रहालय आणि अ‍ॅडलर तारांगण ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे ती एकाच दिवसात उरकावीत, असा मोह होतो. मुलाने रजा काढलेली असते, गाडी ठेवण्याचे पैसे भरलेले असतात, तेव्हा 'आलोच आहोत तर' हा विचार स्वाभाविक होय. पण सत्तरीचे गुडघे आणि पाच वर्षांचे पाय यांना हे गणित मानवत नाही. दुपारी तीनच्या सुमारास आजी बाक शोधू लागतात, नातू रडू लागतो आणि तिसऱ्या ठिकाणचे तिकीट वाया जाते. म्हणून ही सहल आखताना पहिला नियम हा असावा : एका दिवशी एकच तिकीट, आणि उरलेला वेळ सरोवराकाठी.

समुद्राविना समुद्राचे मासे

मत्स्यालयाचा इतिहास थोडा माहीत असला, तर पाहण्याची गोडी वाढते. जॉन शेड हे शिकागोतील 'मार्शल फील्ड अँड कंपनी' या प्रसिद्ध पेढीचे अध्यक्ष. त्यांनी शहराला मत्स्यालयासाठी ३० लाख डॉलरची देणगी दिली. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यामुळे पूर्ण झालेली वास्तू त्यांना पाहता आली नाही. ग्रीक मंदिराची आठवण करून देणाऱ्या खांबांची ही इमारत १९३० मध्ये लोकांसाठी पूर्णपणे खुली झाली. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले, तेही एका पारशी दात्याच्या देणगीच्या आधाराने. दोन्हींमध्ये फरक आहे तो भूगोलाचा. मुंबईच्या मत्स्यालयासमोर अरबी समुद्र होता. शिकागोपासून खारा समुद्र शेकडो मैल दूर आहे.

मग खाऱ्या पाण्यातील मासे जगवायचे कसे? त्यासाठी फ्लोरिडाच्या टोकावरील की वेस्टहून आगगाडीने समुद्राचे पाणी आणण्यात आले. वीस टाकी-डब्यांच्या आठ फेऱ्या झाल्या आणि दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर पाणी शिकागोत पोहोचले. समुद्रापासून दूर असूनही खाऱ्या पाण्यातील जलचरांचा कायमस्वरूपी संग्रह ठेवणारे हे पहिलेच मत्स्यालय मानले जाते. ही हकिगत नातवंडांना आत जाण्यापूर्वी सांगावी. मग त्यांचे लक्ष माशाबरोबर पाण्याकडेही जाते.

येथील सर्वांत दीर्घायुषी रहिवासी होता 'ग्रँडडॅड' नावाचा ऑस्ट्रेलियन फुप्फुसमासा. शिकागोतील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने १९३३ मध्ये तो सिडनीहून आणला गेला आणि २०१७ पर्यंत, म्हणजे ८० हून अधिक वर्षे, तो येथेच राहिला. ज्यांनी त्याला बालपणी पाहिले, त्यांनी पुढे आपल्या नातवंडांनाही तोच मासा दाखवला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे दारे बंद झाली, तेव्हा येथील पेंग्विनना रिकाम्या दालनांतून फिरायला सोडण्यात आले. त्या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या. आज मत्स्यालयात सुमारे ३२ हजार जलचर आहेत.

आत काय पाहावे?

पाहण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणूनच निवड आवश्यक ठरते. तीन भागांना प्राधान्य द्यावे.

पहिला भाग 'ओशनेरियम'. मूळ इमारतीला सरोवराच्या बाजूने जोडलेला हा विस्तार १९९१ मध्ये खुला झाला. पांढरे बेलुगा देवमासे, डॉल्फिन आणि समुद्री पाणमांजरे येथे आहेत. भव्य काचांतून आतल्या पाण्यामागे बाहेरचे मिशिगन सरोवर दिसते आणि दोन्ही पाणी एकच असल्याचा भास होतो. बसण्यासाठी प्रेक्षागृहासारख्या पायऱ्या असल्याने ज्येष्ठांना येथे निवांत वेळ घालवता येतो. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्सॉन व्हाल्डेझ' या जहाजातून तेल सांडले होते. त्या संकटातून वाचलेल्या पाणमांजराच्या पिल्लांना येथे आश्रय मिळाला होता.

दुसरा भाग 'वाइल्ड रीफ'. २००३ मध्ये सुरू झालेल्या या दालनात फिलिपिन्सच्या प्रवाळभिंतींचे जग उभे केले आहे. डोक्यावरून वळत गेलेल्या काचेपलीकडे शार्क पोहताना दिसतात. हा भाग इमारतीच्या खालच्या पातळीवर आहे. तेथे उतरण्यासाठी उद्वाहनाची जागा आधी पाहून ठेवावी.

तिसरा भाग पेंग्विनचा आणि लहान मुलांच्या खेळाचा. चार ते आठ वयाच्या मुलांना येथून बाहेर काढणे कठीण जाते. म्हणून तो शेवटी ठेवणे शहाणपणाचे. उन्हाळ्यात पाकट माशांना हात लावून पाहण्याची सोयही बाहेरच्या अंगाला केलेली असते.

येथे एक सूचना महत्त्वाची. २०३० मध्ये मत्स्यालय शंभर वर्षांचे होईल. त्यासाठी २०२२ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरची नूतनीकरण योजना जाहीर झाली आणि तिच्यानुसार टप्प्याटप्प्याने दालने बदलत आहेत. मध्यवर्ती घुमटाखालील जुना कॅरिबियन प्रवाळ-टँक अनेकांनी पूर्वीच्या भेटीत पाहिला असेल. तो आता तेथे नाही. त्याच्या जागी खाऱ्या व गोड्या पाण्याचे जग शेजारी शेजारी दाखवणारे दोन नवे टँक डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. त्यामुळे जुन्या छायाचित्रांवर किंवा नातेवाइकांच्या आठवणींवर विसंबू नये. जाण्याच्या आदल्या दिवशी मत्स्यालयाच्या संकेतस्थळावर कोणती दालने बंद आहेत, हे पाहून घ्यावे.

काचेपलीकडचा प्रश्न

एवढे मोठे देवमासे हौदात ठेवणे योग्य आहे का, हा प्रश्न चौकस मूल विचारतेच. त्याला गप्प करू नये. बेलुगा आणि डॉल्फिन यांना बंदिस्त ठेवण्यावर अमेरिकेत बरीच वर्षे वाद सुरू आहे. जखमी प्राण्यांची सुश्रूषा, संशोधन आणि लोकशिक्षण यांसाठी मत्स्यालये हवीत, असे एक बाजू म्हणते. मैलोगणती पोहणाऱ्या प्राण्याला कोणताही हौद अपुराच, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजू मुलासमोर ठेवाव्यात आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. मासे पाहून आलेले मूल प्रश्न घेऊनही परतले, तर सहल अधिकच सार्थकी लागते.

बाहेरचे सरोवर हेच मोठे दालन

भारतातून गेलेल्या बहुतेकांना मिशिगन सरोवर पाहताच 'हा समुद्रच' असे वाटते. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळूचे किनारे आहेत. पण पाणी गोडे आहे आणि शिकागो शहर तेच पाणी पिते. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर आहे. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांत मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा साठलेला आहे. स्थानिक जलचरांना शेडने आपल्या संग्रहात वर्षानुवर्षे स्थान दिले आहे. त्यातील स्टर्जन हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो.

या सरोवराशी निगडित एक गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाला ओळखीची वाटेल. आपल्याकडे तलावांत आणि शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांच्या जोडीने सिल्व्हर कार्प हा मूळ चीनचा मासा वाढवला जातो. तोच मासा १९७० च्या दशकात अमेरिकेत तळी स्वच्छ ठेवण्यासाठी आणला गेला. तेथून तो मिसिसिपी नदीत निसटला आणि इलिनॉय नदीमार्गे शिकागोच्या दिशेने सरकू लागला. बोटीच्या आवाजाने तो पाण्याबाहेर उसळ्या मारतो आणि स्थानिक माशांचे खाद्य फस्त करतो. सरोवराचा नदीशी संबंध आला तो १९०० मध्ये सुरू झालेल्या कालव्यामुळे. शहराचे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून या कालव्याद्वारे शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरवण्यात आला होता. आता त्याच कालव्यात विजेचे अडथळे उभारून या माशाला रोखले जात आहे. लोकांनी तो खावा, म्हणून २०२२ मध्ये त्याचे 'कोपी' असे नवे नामकरणही झाले. आपल्याकडे जो मासा उपयोगी, तो दुसऱ्या पाण्यात उपद्रवी कसा ठरतो, याचा एवढा बोलका धडा पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळेल.

दुसऱ्या दिवसासाठी : फील्ड संग्रहालय

मत्स्यालयाला लागूनच असलेले फील्ड संग्रहालय स्वतंत्र दिवसाचे मानकरी आहे. १८९३ च्या ज्या कोलंबियन जागतिक प्रदर्शनाला जोडून सर्वधर्म परिषद भरली होती, त्याच प्रदर्शनातील संग्रहातून हे संग्रहालय जन्माला आले. सध्याच्या इमारतीत ते १९२१ पासून आहे.

येथील प्रमुख आकर्षण म्हणजे 'सू' या नावाने ओळखला जाणारा टायरॅनोसॉरस रेक्स. सू हेंड्रिक्सन यांना १९९० मध्ये साउथ डकोटात हा सांगाडा सापडला. १९९७ मध्ये लिलावात तो ८० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला आणि २००० मध्ये लोकांसमोर आला. सुमारे ४० फूट लांबीचा हा सांगाडा जवळजवळ ९० टक्के पूर्ण आहे. पूर्वी तो मुख्य सभागृहात उभा असे. आता त्याला वरच्या मजल्यावर स्वतंत्र दालन मिळाले असून, मुख्य सभागृहात 'मॅक्सिमो' या १२२ फुटी महाकाय डायनासोरची प्रतिकृती आहे.

भारतीय पाहुण्यांनी आणखी एका काचेसमोर थांबावे. तेथे आयाळ नसलेले दोन सिंह आहेत. १८९८ मध्ये पूर्व आफ्रिकेत त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना या सिंहांनी मजुरांना ठार करून कित्येक महिने दहशत माजवली होती. त्या मजुरांत हिंदुस्थानातून नेलेल्या कामगारांची संख्या मोठी होती. अभियंता जॉन पॅटरसन याने सिंहांना मारले आणि पुढे त्यांची कातडी या संग्रहालयाला ५ हजार डॉलरला विकली. पॅटरसनने बळींची संख्या १३५ असल्याचे सांगितले होते. २००९ मधील संशोधनाने ती ३५ च्या आसपास असावी, असा निष्कर्ष काढला. आकडा कोणताही धरला, तरी घरापासून हजारो मैलांवर मेलेल्या त्या माणसांची दखल आपण घ्यायला हवी.

तिकिटाविना आनंद

शेडपासून सरोवरात शिरलेल्या अरुंद भूभागावरून दहा-पंधरा मिनिटे चालत गेले, की अ‍ॅडलर तारांगण येते. १९३० मध्ये सुरू झालेले हे अमेरिका खंडातील पहिले तारांगण. खगोलशास्त्राची आवड असणाऱ्यांनी आत जावेच. मात्र, तारांगण आठवड्याचे सर्व दिवस उघडे नसते. ज्यांना तिकीट काढायचे नाही, त्यांनीही तेथवर चालत जावे. शिकागोच्या गगनचुंबी इमारतींचे संपूर्ण दृश्य पाहण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा शहरात क्वचितच असेल. शेजारच्या नॉर्दर्ली बेटावर पूर्वी छोटा विमानतळ होता. मार्च २००३ मध्ये महापौर रिचर्ड डेली यांनी एका रात्रीत धावपट्टीवर बुलडोझर फिरवून तो बंद केला. आज तेथे उद्यान आहे.

उलट दिशेला, म्हणजे उत्तरेकडे, काठाकाठाने सुमारे वीस मिनिटे चालल्यावर १९२७ चे बकिंगहॅम कारंजे लागते. ते साधारण मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सुरू असते. तासाला एकदा त्याचा मधला फवारा दीडशे फूट उंच जातो. त्याच्या पुढे मिलेनियम पार्कमध्ये चकचकीत पोलादाचे 'क्लाउड गेट' आहे. हे शिल्प घडवणारे अनिश कपूर मूळचे मुंबईचे. ही सारी ठिकाणे विनामूल्य आहेत.

मिलेनियम पार्कला लागून असलेल्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीतच ११ सप्टेंबर १८९३ रोजी विवेकानंदांचे भाषण झाले. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लट यांनी २०१० मध्ये त्या भाषणाचे शब्द याच इमारतीच्या जिन्यावर दिव्यांनी उजळले होते. समोरच्या मिशिगन अव्हेन्यूच्या एका भागाला विवेकानंदांचे नाव मानाने देण्यात आले आहे. कारंजे, उद्यान आणि ही इमारत मिळून तिसऱ्या दिवसाची सहल सहज होते.

तिकीट, प्रवास आणि खर्च

शेडचे तिकीट ठरावीक दिवसाचे आणि वेळेचे असते. दर दिवसागणिक बदलतात. शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी ते चढे असतात. तिकिटे आधी ऑनलाइन काढावीत आणि शक्यतो मधल्या वारी सकाळची पहिली वेळ घ्यावी. इलिनॉय राज्याच्या रहिवाशांसाठी काही दिवस प्रवेश विनामूल्य असतो. पण त्यासाठी वास्तव्याचा पुरावा लागतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी या सवलतीचा हिशेब धरू नये. शिवाय त्या दिवशी गर्दीही मोठी असते. यजमान कुटुंब जवळपास राहत असेल आणि मुले लहान असतील, तर वार्षिक सभासदत्व अनेकदा स्वस्त पडते. अनेक ठिकाणांचा एकत्रित 'सिटीपास' आकर्षक वाटतो. मात्र, ती सर्व ठिकाणे मुदतीत खरोखर पाहून होणार असतील, तरच तो फायद्याचा.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी रूझवेल्ट हे सीटीएचे स्थानक सोयीचे आहे. लाल, हिरवी आणि नारिंगी या तिन्ही मार्गांच्या गाड्या तेथे थांबतात. तेथून पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते किंवा १४६ क्रमांकाची बस मिळते. नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांतून येणाऱ्यांनी मेट्रा रेल्वेने युनियन स्टेशन गाठावे आणि ज्येष्ठ सोबत असल्यास पुढे टॅक्सी करावी. स्वतःची गाडी नेण्यापूर्वी शेजारच्या सोल्जर फील्ड मैदानात त्या दिवशी सामना किंवा संगीताचा कार्यक्रम नाही ना, हे अवश्य पाहावे. तसे असल्यास गाडी ठेवण्याचे दर भडकतात आणि रस्ते तुंबतात.

आजी-आजोबांसाठी

मुंबई आणि शिकागो यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेदहा तासांचे, तर हिवाळ्यात साडेअकरा तासांचे अंतर असते. पहिल्या आठवड्यात पहाटे जाग येते आणि दुपारी झापड येते. म्हणून आल्यावर किमान पाच-सहा दिवस मोठी सहल ठेवू नये.

दर्शनी प्रवेशद्वाराला पायऱ्या आहेत. पायऱ्यांविना आत जाण्याचा मार्ग आणि चाकांची खुर्ची यांची चौकशी आधीच करून ठेवावी. 'मला चालता येते' असे म्हणणाऱ्या आजोबांनाही तीन तास उभे राहिल्यावर खुर्चीचे महत्त्व पटते. तसेच, आत काही ठिकाणी अंधार आणि गारवा असतो. पातळ स्वेटर किंवा शाल जवळ असावी. सरोवराकाठी जून महिन्यातही वारा बोचरा असू शकतो. शिकागोकर 'सरोवरापाशी थंड' असे म्हणतात, ते उगीच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तर ज्येष्ठांनी काठावर चालण्याचा विचारच करू नये.

जेवणाचा प्रश्न शाकाहारींना अधिक जाणवतो. उपाहारगृहात पिझ्झा, बटाट्याचे तळलेले काप, सॅलड असे पदार्थ मिळतात. पण मधुमेह असणाऱ्यांना वेळेवर आणि सवयीचे खाणे लागते. घरचे ठेपले, धिरडी किंवा दशम्या सोबत घ्याव्यात आणि बाहेरच्या हिरवळीवर बसून खाव्यात. औषधे, पाण्याची बाटली आणि विम्याचे कागद एकाच पिशवीत असावेत. एकमेकांची चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे, ती जागा आत शिरतानाच ठरवावी. आजोबांच्या खिशात मुलाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी.

असा असावा दिवस

सकाळी साडेनऊच्या सुमारास पोहोचावे. प्रथम ओशनेरियम पाहावे, कारण तेथे पुढे गर्दी वाढते. मग शार्क आणि शेवटी पेंग्विन. दर तासाला दहा मिनिटे बसावे. एकच्या सुमारास बाहेर पडून हिरवळीवर जेवावे. त्यानंतर ज्यांच्यात उत्साह आहे त्यांनी अ‍ॅडलरच्या टोकापर्यंत फेरफटका मारावा. इतरांनी सावलीत बसून सरोवर पाहावे. चार वाजेपर्यंत परतीची वाट धरावी.

इतके कमी पाहून पैसे वसूल झाले का, असा प्रश्न काहींना पडेल. मात्र, आजी-आजोबांचा मुक्काम मोजक्या आठवड्यांचा असतो आणि मुलाच्या रजेचे दिवस त्याहूनही मोजके. पुढच्या वर्षी येणे जमेलच, याची खात्री या वयात कोणी देत नाही. अशा दिवशी नातवाचे बोट धरून एका काचेसमोर अर्धा तास उभे राहता आले, आणि 'हे पाणी कुठून आणले ठाऊक आहे का?' ही गोष्ट त्याला मराठीतून सांगता आली, तर तिकिटाचे मोल वसूल झाले असे समजावे. उरलेली संग्रहालये कोठे जात नाहीत.